बारा ब्रिथ: यीस्टचा की चहाचा

वेल्समधल्या कुठल्याही लहान गावात चहा प्यायला बसलं, की काचेच्या झाकणाखाली एक गडद तपकिरी पाव बहुधा दिसतोच. सुरी फिरवली की आत काळे, सोनेरी, तांबूस ठिपके. वर खारट लोणी, तेही हात आखडता न घेता लावलेलं. हा बारा ब्रिथ, ठिपक्यांचा पाव. सुकी फळं, तपकिरी साखर, दालचिनी-जायफळाचा मसाला आणि पीठ, एवढाच त्याचा संसार. पण हे पीठ फुगवायचं कशाने, यावर इथल्या घरांत दोन पक्ष आहेत. यीस्टवाले पीठ मळतात, दोनदा फुगू देतात आणि मग भाजतात. चहावाले फळं रात्रभर कडक चहात भिजवतात, सकाळी त्यात सेल्फ रेझिंग पीठ आणि अंडं ढवळतात आणि डबा ओव्हनमध्ये सरकवतात.

आमच्या नात्यातही हे दोन पक्ष आहेत. माझी मावशी उत्तर वेल्समध्ये, बेथेस्डाला राहते. काका छातीच्या रोगांचे डॉक्टर होते. स्लेटच्या खाणीत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसांची फुप्फुसं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मावशी हा पाव शेजारच्या आजींकडून, एका खाणकामगाराच्या विधवेकडून शिकली, आणि तो यीस्टचा. मी दक्षिणेला कार्डिफमध्ये राहते, नोकरी करते आणि चहाचा करते. आम्ही भेटलो की हा विषय निघतोच. गेल्या ईस्टरला तिच्या ओट्याशी उभं राहून झालेलं बोलणं जरा लांबलं. त्यातलं मला मोलाचं वाटतं ते इथे मांडते आहे.

मावशी: तू आणलेला छान आहे. दोन काप खाल्ले मी. पण तो केक आहे, पाव नाही.

मी: इथल्या बहुतेक घरांत आज हाच होतो. दुकानातल्या पाकिटांतही बहुतेक हाच असतो. मग ही सगळी माणसं चुकतात का?

मावशी: चुकत नाहीत गं. पण ती उशिरा आली. आधी पाव होता. आठवड्यातून एक दिवस पाव भाजायचा. भिंतीतली विटांची भट्टी पेटवायची, ती पुरेशी तापली की निखारे ओढून काढायचे आणि त्या साठलेल्या उष्णतेवर घाणे भाजायचे. ज्यांच्याकडे भट्टी नाही ते बिडाच्या भांड्यात पीठ ठेवून त्याच्या झाकणावरही पीटचे, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीचे, निखारे रचायचे. पाव झाले की शेवटच्या गोळ्यात मूठभर करंट, चरबी, साखर, मसाला मळायचा. भट्टी उतरणीला लागलेली असते, आच मंद असते आणि गोड पिठाला मंद आचच लागते. शेजारच्या आजींनी मला हे असंच सांगितलं. त्यांच्या आईच्या घरी असंच व्हायचं.

मी: त्यांच्या आईच्या घरी होत असेल. पण सगळ्या वेल्सला तू ते लावू नकोस. या डोंगराळ भागात गहू कुठे पिकायचा? इथला साधा भाकर-पाव ओटचा आणि बार्लीचा. गव्हाचा पांढरा पाव ही एकोणिसाव्या शतकातही पुष्कळ घरांत चैन होती. करंट ग्रीसमधून यायचे, साखर वेस्ट इंडीजमधून, दालचिनी श्रीलंकेतून. दर आठवड्याला शेवटच्या गोळ्यात फळं मळणारं घर खाऊनपिऊन सुखी असलं पाहिजे. बाकीच्यांना तो ख्रिसमसला किंवा पाहुणे आले तर मिळत असणार.

मावशी: बरोबर आहे. ख्रिसमसचा तर होताच. म्हणून तर त्यावर इतकी मेहनत घ्यायचे.

इथे मला थांबून एक नाव घ्यावंसं वाटतं. या पावाबद्दल आज जे नेमकेपणाने सांगता येतं, त्यातलं बरंचसं एस. मिनवेल टिबट यांच्यामुळे. कार्डिफच्या बाहेर सेंट फॅगन्सला १९४८ साली वेल्सचं लोकजीवन संग्रहालय उघडलं. तिथे काम करताना या बाईंनी गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायकांना बोलतं केलं, त्यांचं बोलणं टेप केलं आणि त्यांच्या पाककृती, भांडी, चुली यांची नोंद केली. त्यांचं ‘वेल्श फेअर’ हे पुस्तक १९७६ साली आलं. राजे, लढाया आणि खाणी यांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ होते. भट्टीत हात घालून आच ओळखणाऱ्या बाईला ‘तुम्हाला ती कशी कळायची?’ असं विचारणारं माणूस विरळा. संग्रहालयात अ‍ॅबरिस्टविथहून विटाविटांनी हलवून आणलेली एक बेकरी आहे. ती लाकडावर तापते, आणि तिथे आजही पाव भाजले जातात.

मावशीच्या मताला टिबटबाईंचा आधार आहे आणि माझ्याही मताला आहे. कारण त्यांच्या नोंदींत एकच बारा ब्रिथ नाही. उत्तरेत त्याचं हे नाव, तर दक्षिणेत ग्लॅमॉर्गनकडे तशाच पावाला टेयसेन डोर्थ म्हणायचे. कुणी अंडं घालायचं, कुणी नाही. कुणाकडे चरबी, कुणाकडे लोणी.

मी: आणि चहाचा पाव काही कालपरवाचा नाही, मावशी. पिठात बेकिंग पावडर आधीच मिसळून विकायची युक्ती ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरने काढली, त्याचं पेटंट १८४५ चं. ब्रिस्टल म्हणजे कार्डिफच्या समोरचा किनारा. ज्याला आपण आधुनिक म्हणतो ते पीठ पावणेदोनशे वर्षांचं आहे.

मावशी: पीठ असेल. पण त्या पिठाचा आणि चहाचा बारा ब्रिथ घरोघरी कधी व्हायला लागला, ते वेगळं. पेटंट निघालं म्हणून दुसऱ्या दिवशी बेथेस्डाच्या बायकांनी यीस्ट टाकून दिलं नाही. आजींच्या आईने मरेपर्यंत टाकलं नाही.

मी: मान्य. पण चहा तर इथल्या हाडात मुरलेला होता ना? खाणकामगार जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या दगडी खोपटात बसून काळाकुट्ट चहा प्यायचे. रविवारी वेल्समधले दारूचे गुत्ते बंद ठेवायचा कायदा १८८१ साली झाला. चॅपलच्या रविवारच्या शाळेचा चहा म्हणजे गावाचा सण. लांबच लांब टेबलं, बायकांनी घरून आणलेले पाव आणि केक, मोठमोठ्या किटल्या. त्या चहात फळं भिजली तर त्यात परकं काय आहे?

मावशी: चहाचं नाव काढलंस तर तुझ्या काकांची गोष्ट सांगते. खाणमालकांच्या पगारावरचे डॉक्टर एके काळी काय सांगायचे माहिती आहे? म्हणे ही माणसं आजारी पडतात ती धुळीने नव्हे, उकळून उकळून कडू केलेल्या चहाने. स्लेटची धूळ निरुपद्रवी, दोष किटलीचा! काका हे सांगताना थरथरायचे. ज्यांची फुप्फुसं दगड झाली होती त्यांना भरपाई मिळायला १९७९ चा कायदा यावा लागला. तोवर किती जण गेले होते. त्यामुळे चहा इथल्या हाडात मुरलाय हे तू मला सांगू नकोस. मी त्या चहाची बाजू आयुष्यभर घेत आले आहे. पण कामगाराचा चहा किटलीतच असायचा, पिठात नाही.

(ही गोष्ट मी आधी ऐकली नव्हती. पावाच्या वादाशी तिचा संबंध थोडा, तरी ती गाळून हा लेख लिहिणं मला जमलं नसतं. बेथेस्डाच्या ज्या घरांतून हा पाव आला, त्या घरांत कमावता माणूस खोकत होता.)

मी: युद्धाच्या काळात तरी चहाचाच सोयीचा पडला असेल. त्यात लोणी नाही, चरबी नाही. आणि रेशनवर चरबी मिळत होती ती किती!

मावशी: आणि चहा? १९४० च्या जुलैपासून माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे पन्नास-साठ ग्रॅम. ते रेशन १९५२ पर्यंत चाललं. तेवढ्याशा चहातला कपभर कोण करंटवर ओतेल? फळंही मोजून, साखरही मोजून. आजी म्हणायच्या, त्या वर्षांत गाजर किसून घातलं तरी पोरं खूश व्हायची.

इथे तिने मला निरुत्तर केलं. चहाचा पाव रेशनमुळे रूढ झाला, असं ठासून म्हणायला माझ्याकडे पुरावा नव्हता. तिच्याकडे मात्र घरातल्या हिशेबाची साधी जाण होती. म्हणून मी इतिहास सोडला आणि स्वयंपाकघराकडे वळले. माझी बाजू खरी तिथे मजबूत आहे.

मी: माझी कृती ऐक. साडेतीनशे ग्रॅम फळं, म्हणजे करंट, सुलताना, मनुका आणि थोडी संत्र्या-लिंबाची पाकवलेली साल. त्यावर दीडशे ग्रॅम मस्कोवाडो साखर. तीनशे मिलिलिटर कडक आसाम चहा गरम असतानाच ओतायचा. दूध नाही. झाकून रात्रभर ठेवायचं. सकाळी फळं चहा पिऊन टपोरी होतात, खाली दाट काळसर पाक उरतो. तोही टाकायचा नाही. त्यात तीनशे ग्रॅम सेल्फ रेझिंग पीठ, दोन चमचे मसाला, एक अंडं. पीठ ओलं होण्यापुरतंच ढवळायचं. कागद लावलेल्या लांबट डब्यात, एकशे साठ ते एकशे सत्तर अंशांवर तास-सव्वा तास. बस. रात्री दहा मिनिटं, सकाळी दहा मिनिटं. मी कामाला जाण्याआधी ते मिश्रण ओव्हनमध्ये असतं, आणि घरातलं कुणीही वेळेवर ते बाहेर काढू शकतं.

मावशी: आणि खायचा कधी?

मी: तिथेच तर त्याचं खरं गुपित आहे! त्या दिवशी नाही. गार झाला की कागदात गुंडाळून डब्यात, एक-दोन दिवस. कोरडी फळं पिठात घातली तर ती पावातलंच पाणी ओढून घेतात आणि पाव भुसभुशीत होतो. माझी फळं आधीच तृप्त असतात, ती उलट हळूहळू ओलावा सोडतात. साखर तो ओलावा धरून ठेवते. चरबी नसून तिसऱ्या दिवशी तो पहिल्या दिवसापेक्षा मऊ लागतो. चहामुळे साखरेच्या गोडीला किंचित तुरट काठ येतो. आठवडाभर सहज टिकतो. तुझा यीस्टचा दुसऱ्या दिवशी शिळा.

मावशी: शिळा म्हणजे टोस्ट करायला तयार! ताजा यीस्टचा पाव पहिल्या संध्याकाळी लोणी लावून खायचा आणि दुसऱ्या दिवसापासून भाजून. टोस्टवर फळांची कड जराशी जळते, मसाला पुन्हा दरवळतो, लोणी आत झिरपतं. तुझा केक टोस्टरमध्ये घातलास तर चुरा होऊन तळाशी जळेल. आणि साखर बघ, तुझी दीडशे ग्रॅम. माझी साडेचारशे ग्रॅम पिठाला पाऊणशे. म्हणून माझ्या कापावर चीजही चालतं. केरफिलीचं चीज, वर अजून थोडं लोणी. गोड खाल्ल्यासारखं वाटतच नाही.

मी: बरं, तुझी कृती सांग. पूर्ण सांग. मागच्या खेपेला अर्धी ‘अंदाजाने’च होती.

मावशी: साडेचारशे ग्रॅम पावाचं पीठ, म्हणजे स्ट्राँग फ्लार. साधं केकचं पीठ नको, त्यात फळांचं ओझं पेलायचा जोर नसतो. चमचाभर मीठ. त्यात पाऊणशे ग्रॅम लोणी बोटांनी चोळायचं. आजी चरबी घ्यायच्या, मी लोणी घेते. पाऊणशे साखर, सात ग्रॅम सुकं यीस्ट, एक अंडं, आणि कोमट दूध साधारण दोनशे मिलिलिटर. सगळं दूध एकदम ओतू नकोस. पिठाने किती मागितलं ते बघायचं. पुरणपोळीची कणीक कशी हाताला मऊ, ओढली तर येणारी, तशी झाली की थांब. दहा-बारा मिनिटं मळायचं. आता उबेला ठेवायचं.

मी: आणि मसाला?

मावशी: मसाला पिठातच, पण जपून. दीड चमचा. दालचिनी यीस्टला दाबते, हे मला आजींनी सांगितलं आणि काकांनी नंतर त्याचं कारण समजावून सांगितलं. ज्या तेलामुळे तिला वास असतो तेच बुरशीला मारतं, आणि यीस्ट ही बुरशीच. साखर त्याच्या तोंडचं पाणी ओढते, लोणी पिठाच्या धाग्यांना वंगण लावतं. तिन्ही एकदम अंगावर आल्यावर बिचारं यीस्ट हळूच चालणार. साधा पाव तासाभरात दुप्पट होतो, याला दोन तास दे. घाई करून जास्त गरम जागी ठेवलंस तर वरून फुगेल आणि आंबूस होईल.

मी: फळं केव्हा?

मावशी: पहिलं फुगणं झाल्यावर! हे सगळ्यात महत्त्वाचं. आधी घातलीस तर मळताना ती फुटतात, पीठ राखाडी होतं आणि करंटच्या कडा धागे कापत राहतात. पीठ एकदा तयार झालं, की ते हातानेच चपटं करायचं, तीनशे ग्रॅम फळं पसरायची, घडी घालायची, पुन्हा चपटं, पुन्हा घडी. फळं आधी उबदार करून घ्यायची, फ्रिजमधली गार घातली की यीस्ट बसूनच जातं. मग डब्यात ठेवून पुन्हा तासभर. हिवाळ्यात मी गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात ठेवते, टॉवेलांच्या शेजारी. भाजायच्या आधी वर डोकावणारे करंट उचलून काढायचे, नाहीतर ते जळून कडू होतात. एकशे ऐंशी अंशांवर पन्नास मिनिटं, मध्येच रंग चढला तर वर कागद झाकायचा. बाहेर काढल्यावर तळ ठोकून बघायचा, पोकळ वाजला पाहिजे. आणि गरम असतानाच वरून मध लावायचा.

तिने हे सगळं न थांबता सांगितलं, हात हवेत पीठ दुमडत होते. मी लिहून घेत होते. एक गोष्ट मला लिहिता आली नाही: ‘पिठाने किती मागितलं ते बघायचं’ हे नेमकं कसं बघायचं. माझ्या चहाच्या पावात असं काही बघायचं नसतं. तो मोजमापाने होतो, ज्याने आयुष्यात काही भाजलं नाही त्याच्याकडूनही होतो. हे त्याचं बळ आहे, असं मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते.

मी: मावशी, तुझा पाव करायला सकाळपासून दुपारपर्यंत घरात कुणीतरी असावं लागतं. ते कुणीतरी म्हणजे बाई. शंभर वर्षांपूर्वी इथली बाई भट्टीपाशी दिवस घालवायची, दुसरा दिवस कपडे धुण्यात, तिसरा इस्त्रीत. तिची निवड कुणी विचारली होती का? चहाच्या पावाने ती अर्धा दिवस मोकळी झाली. परंपरा मोडल्याचं दुःख सांगणाऱ्यांनी तो अर्धा दिवसही मोजावा.

मावशी: मोजते ना. मी स्वतः घरात अडकलेली बाई होते गं. इथे आले तेव्हा भाषा येत नव्हती. इंग्रजी यायची, पण या गावात बायका आपसात वेल्श बोलायच्या. काका रात्री घरी यायचे. शेजारच्या आजींनी मला दारातून आत ओढलं ते पीठ मळायला. फुगायला दोन तास लागतात, तेव्हा त्या दोन तासांत करायचं काय? बोलायचं. माझं सगळं वेल्श मी पीठ फुगायची वाट बघत शिकले. तुझ्या दहा मिनिटांत मला कुणी काय शिकवलं असतं?

यावर मी लगेच काही बोलले नाही. पण ती बरोबर आणि मी चूक, असं मला वाटलं नाही. तिच्या वाट्याला जो वेळ आला होता, तो माझ्याकडे नाही, आणि नसल्याचं मला वाईटही वाटत नाही. मला माझं काम आवडतं. तरी तिच्या म्हणण्यातलं एक पटलं: कृती कागदावर टिकते, हाताची जाण टिकत नाही. यीस्टचा बारा ब्रिथ दुकानं वाचवणार नाहीत, कारण तो दुसऱ्या दिवशी वाळतो आणि पाकिटात टिकत नाही. जो टिकतो तोच विकला जातो, आणि जो विकला जातो तोच पर्यटकाला बारा ब्रिथ म्हणून माहीत होतो. घरात कुणी करत राहिलं तरच यीस्टचा राहील. चहाच्या पावाला माझ्या समर्थनाची गरज नाही. तो भक्कम आहे. तरी त्याला ‘खोटा’ म्हटलं की मला राग येतो.

मी: पॅटागोनियाचं काय म्हणशील? १८६५ साली मिमोझा जहाजातून दीडशेच्या आसपास वेल्श माणसं लिव्हरपूलहून अर्जेंटिनाला गेली. भाषा वाचवायची म्हणून गेली. आज तिथे गायमानच्या चहाघरांत जो वेल्श केक देतात, तोर्ता नेग्रा, तो काळाभोर, त्यात सुकामेवा आणि रम. चॅपलवाल्यांच्या पणतवंडांच्या केकमध्ये रम! तरी तिथली माणसं त्याला आपलं वेल्शपण समजतात. बदलूनसुद्धा माणसाचं आपलं काहीतरी उरतंच ना?

मावशी: उरतं. पण त्यांनी त्याला स्वतःचं नाव दिलं. ते त्याला बारा ब्रिथ म्हणून कुणाच्या पुढ्यात ठेवत नाहीत. तूही तुझ्या पावाला हवं ते नाव दे, मी रोज खाईन.

मी: नाव मी देणार नाही. कार्डिफमधल्या माझ्या शेजारणीची आजी चहाचाच करायची, आणि त्याला बारा ब्रिथच म्हणायची. तीही वेल्शच होती. एका पिढीची आठवण तू प्रमाण धरतेस, मग दुसऱ्या घराच्या पिढ्या का नाहीत?

मावशी: (बराच वेळ विचार करून) दक्षिणेतल्या गोष्टी मला नाही सांगता यायच्या.

उत्तरेतल्या कुठल्याही वेल्श आजीने हेच उत्तर दिलं असतं. मला ते फार आवडलं. मावशी बेथेस्डाची झाली आहे, हे कागदोपत्री केव्हाच झालं होतं, पण मला त्या वाक्यात दिसलं.

पुण्या-मुंबईत हा पाव करून बघणाऱ्यांसाठी थोडं. चहाचा तिकडे सहज होतो. सेल्फ रेझिंग पीठ नसलं तर तीनशे ग्रॅम मैद्याला चार सपाट चमचे बेकिंग पावडर आणि चिमूट मीठ घालून दोनदा चाळून घ्या. करंट म्हणजे अगदी बारीक काळी द्राक्षं वाळवलेली. ती न मिळाल्यास काळ्या मनुका बारीक चिरून, त्यांच्या जोडीला तासगावकडचे बेदाणे. मस्कोवाडोच्या जागी गुळाची पावडर चालते. मसाल्याच्या डबीत इथे दालचिनी, जायफळ, जायपत्री, लवंग, सुंठ, ऑलस्पाइस आणि धणेही असतात. धणे आहेत म्हणून दचकू नका, आणि गाळूही नका. त्यांच्याशिवाय दालचिनी फार पुढे पुढे करते. लोणी मात्र खारटच हवं. यीस्टचा करायचा असेल तर तिकडच्या उन्हाळ्यात पीठ भराभर फुगेल, म्हणून वेळ न बघता आकार बघा. दुप्पट झालं की पुरे.

निघायच्या आदल्या दिवशी विषय पुन्हा निघाला.

मी: सेंट फॅगन्सच्या बेकरीतून मी तुला पाव आणून देईन. लाकडाच्या भट्टीतला.

मावशी: आण, खाईन. पण काउंटरवरून पिशवीत घेतलेला पाव खाता येतो, शिकता येत नाही. तू एखाद्या शुक्रवारी रात्री इथे ये. शनिवारी सकाळी सातला सुरुवात करू, दुपारी खाऊ.

मी: येते. पण फळं मी चहात भिजवून आणणार. तुझ्या यीस्टच्या पिठात माझी फळं.

मावशी: चहातली? आजींनी असं कधी केलं नाही.

मी: आजींना कुणी विचारलं नसेल.

मावशी: आण मग. पण रात्रभर भिजवून झाल्यावर चाळणीत निथळू दे, आणि मग जुन्या पंचावर पसरून कोरडी कर. अगदी कोरडी. पाण्याचा एक थेंब जास्त गेला तरी फुगलेलं पीठ हाताला चिकटत राहील, आणि तू वर आणखी पीठ भुरभुरवशील. तसं केलंस की पाव घट्ट झालाच म्हणून समज. उरलेला चहाचा पाक फेकू नकोस, दुधाच्या ऐवजी थोडा तोच घालून बघू. साखर मात्र त्या हिशेबाने कमी करावी लागेल, किती ते पीठ हातात आल्यावर ठरवू.